लिनक्सवरचा मिरर अर्धा पडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, लातूर, नांदेड, जालना, सगळीकडून फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाचे एका जागी लिहून टाकले. आडत दुकान, फोटो स्टुडिओ, कोचिंग क्लास, असल्या ठिकाणी कोपऱ्यात एक लिनक्सची मशीन असते, तिच्यात दोन डिस्क, आणि एमडीएडीएमनं (लिनक्समध्ये अशा जोड्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनवलेला मिरर म्हणजे रेड १, दोन्ही डिस्कवर तोच डेटा. हे सगळं तेवढ्यापुरतंच आहे, वेगळं रेड कार्ड लावलेलं असेल तर यातल्या कमांड तिथं चालणार नाहीत.

कमांड फोनवर बोलून सांगतो तशा लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं, जिथं मोठं लागतं तिथं सांगितलंय, आणि सगळ्यांच्या आधी सुडो (म्हणजे कमांड रूट या मुख्य युजरच्या अधिकारात चालते). उदाहरणात अ‍ॅरे (दोन डिस्क मिळून बनलेली जोडी) एमडी०, चांगली डिस्क एसडीए आणि पडलेली एसडीबी धरलीय. तुमच्याकडं बरोबर उलटं असू शकतं, डोळे झाकून कॉपी मारू नका.

१. स्क्रीनवर "डिग्रेडेड" आलंय, डेटा गेला का?

नाही. जोडीतला एक बैल बसलाय, गाडी दुसऱ्यावर चाललीय, एवढाच त्याचा अर्थ. सगळा डेटा उरलेल्या डिस्कवर पूर्ण आहे, मशीन चालू आहे, पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) निघायलेत, काही थांबत नाही. फक्त आता ती एक डिस्क गेली की सगळं गेलं. मला आजवर जे डेटा गेल्याचे फोन आले त्यातले बरेचसे डिस्क मेल्यामुळं नव्हते, डिग्रेडेड बघून घाबरून कुणीतरी गडबडीत काहीतरी दाबलं त्याचे होते. म्हणून आधी चहा घ्या.

२. खरंच अर्धा पडलाय का हे बघायचं कसं?

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट. चौकटी कंसात [यूयू] दिसलं की दोन्ही डिस्क ठीक. [यू_] किंवा [_यू] दिसलं की जिथं खालची रेघ आहे तिथली डिस्क नाही. डिस्कच्या नावापुढं गोल कंसात मोठा एफ असेल तर कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) तिला फेल ठरवून बाजूला काढलंय. नावच दिसेना गेलं तर ती मशीनला सापडतच नाही.

सविस्तर बघायला एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०. एक गोष्ट लोक विसरतात, एका मशीनवर दोन-तीन अ‍ॅरे असतात, बूटचा वेगळा, स्वॅपचा वेगळा, डेटाचा वेगळा. डिस्क खराब झाली तरी ज्या पार्टिशनवर वाचता-लिहिताना अडलं तोच अ‍ॅरे पडतो, बाकीचे [यूयू]च दाखवत राहतात. म्हणजे "बूटचा ठीक आहे, मग डिस्क चांगलीच असेल" असं नसतं.

३. कधीपासून असं चाललंय हे कळेल का? आम्हाला तर काही मेसेज आला नाही.

पडलेली डिस्क अजून वाचता येत असेल तर एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१ करा आणि "अपडेट टाइम" बघा. ती डिस्क जोडीत शेवटची केव्हा होती ते तिथं असतं. चांगल्या डिस्कवरही तेच करून बघा, दोन्हीतला फरक म्हणजे तुम्ही किती दिवस एका बैलावर चाललात.

मेसेज काहून आला नाही? कारण मेल जाण्याची सोय कुणी केलीच नसते. डेबियन आणि उबंटूवर /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ मध्ये मेलअ‍ॅड्रची ओळ असते, तिथं बहुतेक वेळा नुसतं "रूट" लिहिलेलं असतं, आणि रूटची मेल दुकानात कोण वाचतंय. तिथं आपला पत्ता टाका, मशीनवरून मेल बाहेर जाते का ते बघा, आणि एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट मारून टेस्टची मेल खरंच येते का ते तपासा. मेलच्या भानगडीत पडायचं नसेल तर त्याच फाइलमध्ये प्रोग्रामची ओळ टाकून आपली स्क्रिप्ट चालवता येते, मी टेलिग्रामवर मेसेज जाईल अशी चार ओळींची ठेवलीय.

४. मग सगळ्यात आधी काय करू?

बाहेरच्या डिस्कवर कॉपी. नवी डिस्क आणायच्या आधी, कॅबिनेट खोलायच्या आधी. दुकानाचा डेटाबेस, स्टुडिओचे चालू ऑर्डरचे फोटो, जे गेलं तर रडू येईल ते आधी, बाकीचं मग. याचं कारण असं की नवी डिस्क लावली की जुनी उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सलग वाचली जाते, आणि दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेल्या, एकाच पत्र्याखाली तेवढीच वर्षं तापलेल्या असतात. एक गेली तर दुसरीचाही भरवसा धरायचा नाही.

५. डिस्क खरंच मेली की नुसती केबल सैल झालीय?

स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) करा आणि फक्त चार ओळींचा शेवटचा आकडा बघा. ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले, १९८ म्हणजे दुरुस्तच न झालेले. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल किंवा ५ नंबर दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदला, त्यात चर्चा नाही.

१९९ नंबर वेगळा आहे. तो डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या रस्त्यात झालेल्या चुका मोजतो, म्हणजे साटा केबल, कनेक्टर, क्वचित पॉवर सप्लाय. बाकीचे तिन्ही शून्य आणि हा एकटाच वाढलेला असेल तर आधी केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा आणि चार दिवसांनी वाढला का ते बघा. जिनिंगच्या ऑफिसात तर मी कनेक्टरमध्ये सरकीचं बोंड निघालेलं बघितलंय. दोष केबलचाच निघाला तर प्रश्न १२ वर जा, नवी डिस्क घ्यायची गरज नाही.

६. दोन्ही डिस्क सारख्याच दिसायलेत, नेमकी कोणती काढायची?

सिरीयल नंबर. फक्त सिरीयल नंबर. पोर्ट १ म्हणजे एसडीए आणि पोर्ट २ म्हणजे एसडीबी असं कुठंही लिहिलेलं नाही, आणि ही अक्षरं तर रीस्टार्ट केल्यावर आपसात बदलू शकतात, एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला तरी.

हे मी शिकलो ते मोंढ्यातल्या एका आडत दुकानात, तुरीच्या सीझनमध्ये. बाहेर ट्रॅक्टर लागलेले, काट्यावर पोती, शेतकरी पट्टीसाठी दारात उभे, आणि एमडीस्टॅटमध्ये एसडीबीपुढं एफ. मी मशीन बंद केली, दुसऱ्या पोर्टची डिस्क काढली आणि उगं शहाणपणा करून एकाच डिस्कवर मशीन चालू करून दिली, म्हटलं तोवर पट्ट्या निघू द्या, मी नवी डिस्क घेऊन येतो. मशीन उठली, सॉफ्टवेअर उघडलं, आणि मुनीमजी म्हणाले, "सर, मागच्या तीन आठवड्याच्या पट्ट्या कुठं गेल्या?" माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी चांगली डिस्क काढली होती आणि तीन आठवड्यांपूर्वी जोडीतून पडलेली डिस्क मशीनमध्ये ठेवली होती. पडलेल्या डिस्कला आपण पडलोय हे माहीतच नसतं, तिच्यावर शेवटची नोंद "दोघं ठीक आहोत" अशीच असते, त्यामुळं ती एकटी सापडली की गुमान चालू होते आणि जुनाच डेटा दाखवते. नशीब की त्यांनी लगेच विचारलं, नाहीतर त्या जुन्या डेटावर दिवसभराच्या पट्ट्या चढल्या असत्या. तसं झालंच तर काय करायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

तर रीत अशी. मशीन चालू असतानाच एलएसबीएलके -ओ नेम,साइज,सिरीयल मारा (तिन्ही शब्द मोठ्या अक्षरात टाइप केलेले बरे), पडलेल्या डिस्कच्या सिरीयलचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहा, मग मशीन बंद करा, कॅबिनेट खोला, डिस्कच्या लेबलवर तेच चार आकडे आहेत का बघा. लेबल खालच्या बाजूला गेलेलं असतं आणि वाचायला डिस्क अर्धी बाहेर ओढावी लागते, आळस करू नका. डिस्क मशीनला दिसतच नसेल तर उलटं करा, जी दिसते तिचा सिरीयल लिहा आणि तिला हात लावू नका. मी आता नवी मशीन लावतानाच दोन्ही डिस्कच्या समोरच्या कडेला पांढरी टेप चिकटवून मार्करनं चार आकडे लिहून ठेवतो.

७. नवी डिस्क केवढी घ्यायची?

तेवढी किंवा मोठी. "१ टीबी" लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या डिस्क बहुतेक वेळा सेक्टरला सेक्टर सारख्या असतात (१,९५३,५२५,१६८ सेक्टर), पण एसएसडीत हा गोंधळ होतो, ९६० जीबीची १ टीबीच्या जोडीला चालणार नाही. नवी मोठी असली तरी अ‍ॅरे छोटीच्याच मापाचा राहतो, जास्तीची जागा नुसती पडून.

सेकंडहँड डिस्क स्वस्तात मिळायलीय म्हणून घेताना स्मार्टसीटीएलमध्ये चालू तास बघा. आणि ती आधी कुठल्या दुसऱ्या रेडमध्ये असेल तर जोडायच्या आधी तिच्या पार्टिशनवर एमडीएडीएम --झिरो-सुपरब्लॉक मारा (सुपरब्लॉक म्हणजे डिस्कवरची रेडची नोंद, ती यानं पुसली जाते), पण ही कमांड चुकीच्या डिस्कवर गेली तर काय होईल ते सांगायला नको.

८. डिस्क बदलायची पूर्ण रीत सांगा ना एकदा, पहिल्यापासून.

प्रश्न ४ आणि ६ झालेत असं धरतो.

पहिलं, पडलेली डिस्क सगळ्या अ‍ॅरेमधून बाहेर काढा, जिथं अजून ठीक दाखवते तिथूनही. एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --फेल /डेव्ह/एसडीबी१, मग तीच ओळ --रिमूव्हनं. एमडी१, एमडी२ असतील तर त्यांच्या त्यांच्या पार्टिशनसाठी परत. डिस्क गायबच असेल तर नावाच्या जागी नुसता "डिटॅच्ड" हा शब्द लिहा, --रिमूव्ह डिटॅच्ड.

मग मशीन बंद, सिरीयल बघून डिस्क काढा, नवी लावा, चालू करा. चालू मशीनमधून डिस्क काढता येते म्हणतात, येतेही काही बोर्डांवर, पण दुकानातल्या साध्या मशीनवर मी ते करत नाही.

चालू झाल्यावर परत एलएसबीएलके, कारण अक्षरं बदललेली असू शकतात. आता चांगल्या डिस्कसारखे पार्टिशन नव्यावर पाडायचे, आणि सगळ्यात जास्त घात इथं होतो. जीपीटी (पार्टिशन टेबलची नवी पद्धत) डिस्कसाठी कमांड आहे एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीए. आर मोठा. यात पहिलं नाव नव्या डिस्कचं आहे आणि दुसरं चांगल्या डिस्कचं, म्हणजे डोक्यात येतं त्याच्या बरोबर उलटं. हे फिरलं तर रिकाम्या डिस्कचा रिकामा टेबल चांगल्या डिस्कवर छापला जातो. म्हणून आधी एसजीडिस्क --बॅकअप=टेबल.बिन /डेव्ह/एसडीए करून ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. नंतर एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी, जी मोठा, यानं नव्या डिस्कला स्वतःची ओळख मिळते, नाहीतर दोन्हींचे आयडी सारखेच राहतात. जुन्या एमबीआर डिस्कला एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए | एसएफडिस्क /डेव्ह/एसडीबी, इथं चांगली आधी आणि नवी नंतर. दोन कमांडची दिशा उलटसुलट, कुणी ठरवलं देव जाणे.

शेवटी एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --अ‍ॅड /डेव्ह/एसडीबी१, बाकीच्या अ‍ॅरेला त्यांची पार्टिशन. वॉच कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट लावून ठेवा, टक्के पुढं सरकताना दिसतील. बूटचं काम राहिलंय, ते प्रश्न १३ मध्ये, ते केल्याशिवाय उठू नका.

९. सिंकला किती वेळ लागंल? तोवर काम बंद ठेवायचं का?

सिंक म्हणजे चांगल्या डिस्कवरून नव्यावर होणारी कॉपी, ती होईतो काम चालू ठेवता येतं. साध्या फिरत्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास, ४ टीबीला ११ तास. सुरुवातीला वेग जास्त दिसतो, शेवटाकडं कमी होतो, ते तसंच असतं. सगळी डिस्क कॉपी होते, तुमचा डेटा ५० जीबीच असला तरी.

मशीनवर दुसरं काम चालू असेल तर सिंक बाजूला सरतं आणि कमीत कमी वेग सेकंदाला १००० केबी एवढाच धरलेला असतो, त्या हिशोबानं १ टीबीला ११ दिवसांच्या वर जातील. दुकान बंद झाल्यावर सिस्कटीएल -डब्ल्यू डेव्ह.रेड.स्पीड_लिमिट_मिन=५०००० करा. रीस्टार्टनंतर ते आपोआप जुन्यावर जातं.

एप्रिल-मेमध्ये मात्र हे काम रात्री लावा. आपल्याकडं दुपारी बाहेरच ४२-४३ असतं, पत्र्याखालच्या बंद कॅबिनेटमध्ये तासन्‌तास सलग चालणारी डिस्क ५५ च्या वर जाताना मी बघितलीय, आणि घरगुती डिस्क साधारण ६० पर्यंतच बनवलेल्या असतात. झाकण काढा, टेबल फॅन लावा.

१०. सिंक चालू असताना लाईट गेली तर?

काही बिघडत नाही. चांगल्या डिस्कवरून फक्त वाचणं चाललेलं असतं. लाईट आल्यावर जिथपर्यंतची नोंद सुपरब्लॉकमध्ये झाली होती साधारण तिथून पुढं चालू होतं. पण दिवसातून सहा वेळा लाईट जाणाऱ्या फीडरवर यूपीएस नसेल तर आधी यूपीएस घ्या, मग डिस्क. घरातल्या इन्व्हर्टरला यूपीएस मोड असतो तो चालू आहे का बघा, साध्या मोडवर बदलाबदलीत मशीन रीस्टार्ट होते.

११. एमडीस्टॅटमध्ये नव्या डिस्कपुढं १ च्या जागी २ काहून आलाय?

जुन्या डिस्कचा क्रमांक तिच्याबरोबर गेला, नव्याला पुढचा मिळाला. [यूयू] दिसतंय ना? मग सोडून द्या.

१२. दोष केबलचाच निघाला. आता तीच डिस्क परत जोडायची, सगळं परत सिंक होणार का?

एमडीस्टॅटमध्ये "बिटमॅप" अशी ओळ असेल तर नाही. एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --री-अ‍ॅड /डेव्ह/एसडीबी१ करा, मधल्या काळात बदललेला भागच कॉपी होतो, दोन-चार मिनिटांत काम होतं. १०० जीबीच्या वरच्या अ‍ॅरेला एमडीएडीएम बिटमॅप आपोआप लावतं, लई जुन्या अ‍ॅरेला नसेल तर --री-अ‍ॅड नकार देईल, मग --अ‍ॅड करा आणि पूर्ण सिंक होऊ द्या. पूर्ण झाल्यावर एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी० करून ठेवा, पुढच्या वेळी कामाला येतं.

१३. सिंक झालं, [यूयू] आलं, पण जुनी चांगली डिस्क काढून नुसत्या नव्यावर बघितलं तर मशीन बूटच होईना गेलीय.

मिरर फक्त पार्टिशनच्या आतलं कॉपी करतो, बूटलोडर त्याच्या बाहेर असतो. जुन्या बायॉस पद्धतीच्या मशीनवर ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी एवढंच राहिलेलं असतं, इथं डिस्कचं नाव, पार्टिशनचा आकडा नाही.

यूईएफआय मशीनवर ईएफआयचं छोटं पार्टिशन असतं, ते बहुतेक वेळा मिररमध्ये नसतंच. चांगल्या डिस्कवरचं ते पार्टिशन डीडीनं नव्या डिस्कच्या त्याच पार्टिशनवर कॉपी करा आणि ईएफआयबूटएमजीआरनं नव्या डिस्कची नोंद टाका. आणखी एक, /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची फाइल) /बूट/ईएफआयच्या ओळीला "नोफेल" लावा, नाहीतर ते पार्टिशन असलेली डिस्क गेल्यावर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकते, डेटा सगळा ठीक असताना.

१४. काल एमडी० होतं, आज एमडी१२७ झालंय!

बूटच्या वेळी कॉन्फिग फाइलमध्ये तुमचा अ‍ॅरे सापडला नाही की सिस्टीम १२७ पासून नाव देते. डेटा तोच आहे. एमडीएडीएम --डिटेल --स्कॅनची ओळ प्रश्न ३ मधल्या फाइलमध्ये टाका, मग अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू, रीस्टार्ट. एफएसटॅबमध्ये एमडी० नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) वापरला असेल तर हे नाही केलं तरी चालतं.

१५. अ‍ॅरे "इनअ‍ॅक्टिव्ह" दाखवतोय आणि डिस्कपुढं एस आहे, माउंट होईना.

अ‍ॅरे अर्धवट जुळवून थांबलाय. एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी०, मग एमडीएडीएम --असेंबल --रन /डेव्ह/एमडी० /डेव्ह/एसडीए१. एकाच डिस्कवर चालू कर असं --रन सांगतं. चालू झाला की प्रश्न ४ वर जा. कुणी "--क्रिएट करून बघ" म्हणालं तर ऐकू नका, --क्रिएट नवा अ‍ॅरे बनवतं, आणि डेटाची सुरुवातीची जागा किंवा डिस्कचा क्रम चुकला तर जुन्या डेटावरच सिंक सुरू होतं.

१६. दोन्ही डिस्क वेगवेगळ्या वेळी एकट्या चालल्यात, आता दोन्हींवर वेगळा डेटा आहे.

माझ्या मोंढ्याच्या गोष्टीसारखंच. दोन्ही एकत्र लावून मशीनला ठरवू देऊ नका. एका वेळी एकच डिस्क लावा, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं असा) चालू करा, अ‍ॅरे --रीडओन्लीनं उघडा आणि कोणत्या डिस्कवर काय नवीन आहे ते बघा. एकीवरच्या नव्या फाइल बाहेर काढून घ्या. जी ठेवायची ती ठरली की ती एकटी चालू करा, नंतर दुसरीचा सुपरब्लॉक पुसून नवी डिस्क असल्यासारखी --अ‍ॅड करा. डेटाबेसच्या फाइल मात्र अशा फाइलवर फाइल टाकून जुळत नाहीत, त्या दिवसाच्या पट्ट्या हातानंच परत टाकाव्या लागतात. आम्ही अकरा टाकल्या.

१७. सिंक ठरावीक टक्क्यावर जाऊन थांबतं आणि नवी डिस्क "एस" होऊन बसते.

चांगली समजत होतो त्या डिस्कवरही खराब सेक्टर आहेत, डीएमईएसजी (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) मारली की तिचं नाव आणि रीड एरर दिसेल. परत परत --अ‍ॅड करत बसू नका, दर वेळी तिला घासताय. मशीन बंद करा, लाइव्ह पेनड्राइव्हवर चालू करा, अ‍ॅरे आपोआप उठला असेल तर --स्टॉप करा, आणि पूर्ण डिस्कची कॉपी तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या: डीडीरेस्क्यू -एफ /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी नोंद.मॅप. मॅप फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, मधे थांबलं तरी तिथून पुढं जातं. खराब जागा तो सोडून पुढं जातो आणि शेवटी परत फिरून प्रयत्न करतो, रात्रभर लागला तरी हलवू नका.

मग जुनी डिस्क काढून घ्या, कॉपी आणि जुनी एकाच वेळी लावायच्या नाहीत, दोघींची ओळख सारखी असते. कॉपीवर प्रश्न १५ प्रमाणे अ‍ॅरे चालू करा, माउंट करायच्या आधी एफएससीके (फाइल सिस्टीम तपासणारी कमांड), आणि मग दुसरी नवी डिस्क जोडा. म्हणजे दोन डिस्कचा खर्च. काही फाइल खराब निघतील, त्या प्रश्न ४ मधल्या कॉपीतून घ्या.

१८. महिन्याच्या पहिल्या रविवारी मशीन संथ होते आणि एमडीस्टॅटमध्ये "चेक" येतं, परत पडलाय का?

नाही, डेबियन आणि उबंटू महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क वाचून ताडून बघतात. बंद करू नका, प्रश्न १७ मधले लपलेले खराब सेक्टर जोडी धड असतानाच यात सापडतात आणि दुसऱ्या डिस्कवरून भरून निघतात. रविवारी सकाळी लग्नाचे अल्बम द्यायचे असतील तर तेवढ्यापुरतं इको आयडल > /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_अ‍ॅक्शन करा (रूट होऊन), संध्याकाळी आयडलच्या जागी चेक लिहून परत लावा.